सुभेदारकाका हवा तपासतात

माझ्या बहिणीच्या साक्षगंधाला शेजारचे सुभेदारकाका व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आले. नळीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं, मांडवात दहा मिनिटं घर्रर्र केलं, फडकं उन्हात धरून निरखलं आणि हुकूम सोडला, "हवा साफ. बसवा पंगत!" मुलाकडच्यांना वाटलं, डासांचा धूर मारायला ग्रामपंचायतीचा माणूस आलाय. त्यांनी लाडवांच्या परातीवर उपरणी टाकली.

काका फौजेत होते. अणुहल्ल्याच्या सरावात त्यांचं काम एकच. पंपानं हवा ओढायची आणि गाळणीच्या कागदावर किरणोत्सर्गी धूळ बसली का ते मोजायचं. सरावच तो, उभ्या नोकरीत कागदावर काही म्हणजे काही सापडलं नाही. पेन्शन घेऊन जानेफळला आले तरी खोड सुटली नाही. पंप नव्हता, म्हणून भंगारातून हा क्लीनर उचलला.

"काका, घावला का बॉम्ब?" पारावरची टाळकी विचारायची.

"काही नाही घावलं, हाच रिपोर्ट असते बे!"

माझी त्यांच्याशी जुंपली ती पऱ्हाटीवरून. कापूस वेचून झाला होता, वाळलेली पऱ्हाटी पेटवून वावर मोकळं करायचं होतं. वावर त्यांच्या घरामागेच. मी काडी ओढणार, तोच काका तोंडाला ओला दुपट्टा बांधून हजर.

"वारं घराकडं हाये. आज पेटवाची नाही."

"काऊन? दुश्मन आला काय?"

काकांनी दुपट्टा खाली ओढला. "तुह्या काकूले दमा हाये. धूर आला का जीव घाबरते तिचा. वारं फिरलं का मीच सांगतो."

साक्षगंधाला काकू येणार होत्या म्हणून काकांनी हवा तपासली होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मला माझीच लाज वाटली. चार दिवस मुकाट थांबलो. पाचव्या दिवशी काका पळत आले, "फिरलं रे! लाव झटकन!" तेव्हापासून दरसाल त्यांना विचारल्याशिवाय मी काडी ओढली नाही.

यंदा पोळ्यानंतर काकू गेल्या. वेचणी संपली, पण विचारायला जायला माझे पाय उचलेनात. काका आपणच वावरात आले.

"पेटव," म्हणाले. "वारं कुठलंबी असू दे आता."

मी काडीपेटी खिशात घातली आणि ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. पऱ्हाटीची कुट्टी करून मातीत घातली. काका दिवसभर बांधावर बसून पाहत होते. उठताना म्हणाले, "आज ती आंगनात बसली असती रे."