टगबोट थोरली दर्यातळी नांदविली, त्याची हकीकत

श्रोते हो, सावध असावे. दर्या अथांग, त्यावरी जहाजे डोंगराएवढी, परंतु बंदरी येतां त्या डोंगरांस आपलेच अंग वळवितां न ये. तेव्हां त्यांस ओढोन, ढकलोन धक्क्यास लावावे, हे काम टगबोटीचे. ऐशी एक टगबोट बहुत वर्षे चाकरीस होती. तिचे कप्तान खासे दर्याबहाद्दर, पोटाने किंचित पुढे व रागाने बहुत पुढे. ते तिजला 'थोरली' म्हणत. कारण घरी पोटची कन्या होती, ती 'धाकटी'. दोघींत लाडकी कोण, हा सवाल घरात कोणी पुसत नसे.

पुढे कप्तान निवृत्त जाहले, आणि थोरलीचे इंजिन दमेकऱ्यासारखे खोकू लागले, आणि बंदरकचेरीतून फर्मान सुटले की तिजला भंगारात काढावे. तेव्हां धाकटीने, जी पाणबुड्याचा पोशाख चढवोन समुद्रतळीचे मासे न्याहाळण्याची चाकरी करी, अर्ज गुदरला की थोरली साफसूफ करोन तळाशी बुडवावी. मग तिच्या अंगी प्रवाळ धरेल, आणि मासे बिऱ्हाड करतील, आणि उजाड तळ नांदता होईल. अर्ज मंजूर जाहला. मग तेल उपसले, इंजिन उचलले, दारे उतरविली. कप्तानांस हे कोणी सांगितले नाही, ऐसे नव्हे. धाकटी सांगो गेली की ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरीत.

बुडविण्याचा दिवस उजाडला, आणि पाहतात तो कप्तान सुकाणूच्या खोलीत मोर्चा बांधोन बसलेले. दार निघाले होते, सबब दाराच्या जागी घडीची खुर्ची आडवी लाविली. रसद म्हणोन थर्मास, जेवणाचा डबा व रक्तदाबाची गोळी. हुकूम जाहला की, आम्ही जिवंत असेतो हिच्यात पाणी शिरणार नाही.

मग बंदरसाहेब स्वये भोंगा घेऊन चालोन आले, आणि नियम वाचिले, आणि कप्तानांनी कान खाजविला. मग दोन पहारेकरी शिडीवर चढविले. ते कप्तानांच्याच हाताखाली घडलेले. अर्ध्यावरोनच सलाम ठोकोन माघारी फिरले. फौजेची ऐशी दाणादाण उडतां कप्तानीणबाईंस वकिलीस पाठविले.

“गोळी घेतलीत का?” बाईंनी खालूनच पुसले.

“घेतली.”

“मग बसा हवं तेवढं,” म्हणोन वकील धक्क्यावरील बाकावर जाऊन विणकाम करीत बसल्या.

अखेर धाकटी खासा चढली, आणि खुर्ची न हटवितां बाहेरच मांडी घालोन बसली.

“बाबा, उतरा आता.”

“मोठी बहीण आहे तुझी. तिलाच बुडवतेस?”

“बहीण आहे हे मला काय सांगता! माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तुम्ही हिच्याकडे होतात. इतका राग यायचा मला हिचा. तरी तिचे तुकडे होताना बघवेना, म्हणून अर्ज केला.”

कप्तानांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतोन खुर्चीखालून पलीकडे सरकविला.

“एकटी पडेल गं ती खाली.”

“मी असते की तिथे. तुम्हीही चला. पोहून बघून येऊ.”

येथे दर्याबहाद्दरांच्या कारकिर्दीतील मोठे गुपित फुटले.

“मला पोहता येत नाही,” ते पुटपुटले.

“काय? आणि आईला माहितीये हे?”

“लग्नापासून. तू हसू नकोस.”

धाकटी हसली, ती चहा सांडेतो हसली. आणि कप्तानही हसले, आणि तहाची कलमे ठरली. पाणी आत घेण्याचा शेवटचा व्हॉल्व्ह कप्तानांनी स्वहस्ते उघडावा. धाकटीने त्यांस पोहणे शिकवावे. बंदरसाहेबांनी भोंगा गाडीत ठेवावा.

मग थोरलीस खोल दर्यात ओढोन नेले, आणि कप्तानांनी व्हॉल्व्ह उघडला, आणि होडीत उतरले. थोरली शेपटीकडून बुडाली, परंतु नाक वर काढोन तशीच राहिली, जणू बंदरसाहेबांस वाकुल्या दावीत. मंडळी घड्याळे पाहू लागली. तेव्हां कप्तान होडीत उभे राहोन ओरडले, “जा गं बाई, जा! हट्ट करू नकोस!” आणि बुडबुड्यांचा एक लोट उठोन थोरली गेली. कप्तानांनी धाकटीचा हात धरिला होता, तो धक्क्यापर्यंत सोडिला नाही.

पुढे तलावातील मोहीम. दंडास फुगे बांधोन दर्याबहाद्दर कंबरभर पाण्यात हात मारीत, आणि शेजारी चिमुरडी मंडळी बेडकासारखी पुढे निघोन जात. नाकातोंडात पाणी गेले, शिव्या बाहेर आल्या. परंतु माघार घेतली नाही. दुसऱ्या वर्षी धाकटीने त्यांस पोशाख चढविला आणि तळी नेले. तेथे थोरलीच्या कठड्यास मऊ प्रवाळ धरले होते, आणि नळकांड्यातून पिवळ्या माशांच्या पलटणी येत-जात होत्या, आणि इंजिनाच्या जागी एक अष्टपाद सुभेदारी थाटोन बसला होता. हे पाहतां कप्तानांचे डोळे भरोन आले, आणि मुखवट्यात पाणी साचोन पुढचे काही दिसेना, सबब दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वारी करावी लागली.

ऐसी थोरली दर्यातळी नांदती जाहली. फत्ते धाकटीची, हे कप्तानांनी होडीत ओल्या टॉवेलात कुडकुडत स्वमुखे कबूल केले, आणि कप्तानीणबाईंनी ते दोनदा वदवोन घेतले, म्हणोन येथे नोंदिले असे.