साठेकाकांचं वोलोसारी

एडमंटनमध्ये पारा उणे तीसवर गेला की माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. नुसती मान हलवतात आणि गाडीत शिरतात. अशा सकाळी आमच्या समोरच्या घरातले साठेकाका ड्राइव्ह-वे शोव्हल करायला बाहेर पडायचे ते स्नो-पँटवरून चौकड्यांचं सारोंग गुंडाळून. सारोंग म्हणजे आपली लुंगीच, पण लुंगी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. मी खिडकीतून हात केला की फावडं टेकवून ओरडायचे, "आज आमच्याकडे सत्तावीस!"

'आमच्याकडे' म्हणजे वोलोसारीला. ते कुठे आहे हे माहीत नसेल तर लाजू नका, निम्म्या इंडोनेशियालाही ते माहीत नाही. फ्लोरेस नावाच्या बेटावर डोंगराच्या उतारावर चाळीसेक घरांची वस्ती आहे, तेच वोलोसारी. छापील नकाशात ते नाही. काकांच्या बेसमेंटमधल्या नकाशात होतं, कारण त्यांनी ते लाल पेनने स्वतः काढलं होतं, आणि काढताना जकार्तापेक्षा मोठं काढलं होतं.

काका पेशाने इंजिनियर. सत्तरच्या दशकात कॅनडात आले, सरकारी पाणीखात्यात तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर सुमनकाकूंना घेऊन बालीला फिरायला गेले. तिथून फ्लोरेसला गेले, दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि दोघं चार दिवस या वोलोसारीत अडकले. पुढे दोन वर्षांनी काकू कॅन्सरने गेल्या. त्यानंतर काका एकटेच पुन्हा तिकडे गेले आणि परतले ते 'इन्व्हेस्टर' होऊन.

तेव्हा एडमंटनमध्ये तेलाची तेजी होती. मराठी मंडळाच्या पॉटलकला श्रीखंडापेक्षा कॉन्डोची चर्चा जास्त चालायची. मीही त्यातलाच. सॉफ्टवेअरचा माणूस, घरात डाळ किती उरली याचीही स्प्रेडशीट ठेवणारा. अशा मंडळींत काकांनी एकदा जाहीर केलं की त्यांनी वोलोसारीत कॉफी वाळवायची शेड बांधली आहे आणि डोंगरातल्या झऱ्यापासून गावापर्यंत पाण्याची पाइपलाइन टाकली आहे. कुणीतरी अगदी मराठी प्रश्न विचारला, सातबारा कुणाच्या नावावर?

काका म्हणाले, योसेफच्या. योसेफ कोण? शेजारी. परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेताच येत नाही, कायदाच तसा आहे, असं त्यांनी वर समजावून सांगितलं, तेही जणू ही त्या गुंतवणुकीची जमेची बाजू असावी अशा थाटात. सगळे पुरीचा घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"मग काका, तिथे तुमचं आहे काय?" मी विचारलं.

"वट आहे," काका म्हणाले आणि आणखी दोन पुऱ्या घेतल्या.

परतावा म्हणून दर वर्षी कॉफीच्या बिया यायच्या. काका त्या गराजमध्ये कॅम्पिंगच्या शेगडीवर, काकूंच्या लोखंडी कढईत भाजायचे. एकदा गराजच्या दारातून एवढा धूर निघाला की कुणीतरी नाइन-वन-वन लावला आणि भोंगा वाजवत बंब आला. आत चार धिप्पाड जवान शिरले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मी घाबरून धावत गेलो, तर चौघंही उलट्या बादल्यांवर बसून स्टीलच्या पेल्यांतून कॉफी पीत होते आणि काका त्यांना पाइपलाइनचा उतार समजावून सांगत होते. त्यानंतर वर्षभर त्यांची कॉफी 'फायरब्रिगेड-पास' होती.

"पलान-पलान" हा त्यांचा मंत्र. तिकडच्या भाषेत 'हळूहळू, सावकाश'. मी प्रोजेक्टच्या डेडलाइनने कावलो की पलान-पलान. मागची गाडी हॉर्न वाजवत असताना हायवेवर स्वतः पन्नासच्या वेगाने चालले की तेव्हाही पलान-पलान. हा माणूस एक दिवस मला हार्ट अटॅक देणार, असं मला मनापासून वाटायचं.

मग एका वर्षी काका तिकडून मलेरिया घेऊन आले. मृणाल, त्यांची एकुलती एक मुलगी, हॅमिल्टनला डॉक्टर. ती पंधरा दिवस इथे राहिली, वडिलांना उभं केलं आणि जाण्याआधी आमच्या किचनमध्ये येऊन बसली.

"समीरदादा, ही इज सेव्हंटी-फोर. त्यांना हॅमिल्टनला माझ्याकडे आणायचंय, अँड दिस व्हिलेज बिझनेस हॅज टू स्टॉप. पण ते ऐकत नाहीत, कायमचं तिथेच जाऊन राहायचं म्हणतात. तू प्रॅक्टिकल आहेस. एकदा त्यांच्याबरोबर जाऊन ये, नीट बघ. तू म्हणालास की नाही, तर नाही. तेवढं त्यांनी मला प्रॉमिस केलंय."

अशा रीतीने साठेकाकांचं वोलोसारी माझ्या एका शब्दावर आलं. मी प्रश्नांची यादी केली. डॉक्टर किती लांब, छप्पर कसलं, फोन लागतो का, कागदपत्रं कुठे. एडमंटनहून निघून चार विमानं, एक जीप आणि शेवटी तासभर चढ. वाटेत काका सारखी माझी बॅग उचलायला बघत होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने परीक्षकाला खूश ठेवायची ती धडपड बघून मला कसंतरीच झालं.

वोलोसारीला पोचलो आणि काकांची पाठ ताठ झाली. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे "ओपा, ओपा" करत आले. ओपा म्हणजे आजोबा. काकांनी मला गावातला एकूण एक नळ दाखवला. प्रत्येकाखाली बादली लावून मला घड्याळ धरायला लावलं. सर्वांत वरच्या घरात आणि सर्वांत खालच्या घरात बादली भरायला सारखाच वेळ लागत होता. योसेफ, म्हणजे तो सातबाराचा शेजारी, प्रत्येक बादलीनंतर माझ्याकडे असा बघायचा की जणू ओपा त्याचाच मुलगा आहे आणि मी शाळा तपासायला आलेला साहेब. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. आमच्यापैकी कुणाच्याही कॉन्डोने कुणाच्या घरी पाणी आणलं नव्हतं.

पण यादी ही यादी. डॉक्टर जीपने तीन तासांवर. काका राहायचे त्या घराचं छप्पर पत्र्याचं. फोनला रेंज फक्त वरच्या वळणावर. कागदपत्रं योसेफच्या ट्रंकेत. मी सगळं लिहून घेतलं आणि उत्तर काय द्यावं लागणार तेही मला दिसायला लागलं.

जायच्या आदल्या दुपारी मी काकांच्या अंगणात बसलो होतो. तिथल्या बहुतेक घरांपुढे सिमेंटचा गुडघाभर उंच ओटा असतो, तसा काकांच्या घरापुढेही होता, वर निळ्या टाइल्स लावलेला. एका टोकाला योसेफच्या बायकोने, मारियाने, कॉफी वाळत घातली होती. दुसऱ्या टोकाला शाळेतल्या दोन मुली वह्या पसरून बसल्या होत्या. मी मधोमध मांडी ठोकून कॉफी पीत होतो. काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणालो, "काका, हा ओटा मात्र झकास बांधलाय. एकदम प्रोफेशनल काम."

काकांनी हातातला कप खाली ठेवला.

"ती सुमन आहे," ते म्हणाले.

मला काही कळेना. मग ते सावकाश सांगू लागले. काकूंची रक्षा त्यांनी नाशिकला गोदावरीत सोडली होती. चिमूटभर मागे ठेवली, ती वर्षभर एडमंटनच्या किचनमध्ये एका डबीत होती, चहा-साखरेच्या शेजारी. काका एकटे परत वोलोसारीला आले तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न विचारला, ओमा, म्हणजे आजी, कुठे? नदीत सोडली म्हटल्यावर मारिया रडायला लागली. एकटीच का, असं विचारत राहिली. इथे माणूस गेलं की त्याला घरासमोर अंगणात ठेवतात. वर बसतात, गप्पा मारतात, धान्य वाळवतात. पुढच्या खेपेला काका ती डबी घेऊन आले आणि सगळ्या गावाने मिळून ही जागा बांधली.

मी चटकन उठायला गेलो. काकांनी माझा खांदा दाबला.

"बस रे. बसायलाच आहे ते." ते म्हणाले, "तिला माणसं लागायची, समीर. तीस वर्षं मी ऑफिसात, मृणाल शाळेत आणि ही बर्फाकडे बघत खिडकीत. माझ्या कधी लक्षातच आलं नाही. इथे चार दिवस अडकलो होतो, तर हिच्याभोवती ही गर्दी. एक शब्द कळत नव्हता, पण दिवसभर हसत होती. तेव्हा लक्षात आलं. फार उशिरा आलं."

मी पुन्हा बसलो. पाय अवघडले, पण खाली सोडवेनात. इतकी वर्षं ज्यांना हसत होतो, त्या माणसापुढे मला स्वतःची लाज वाटली. मृणालला हे माहीत आहे का, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तूच सांग. माझ्याने नाही होणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वळणावर जाऊन मी हॅमिल्टनला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. मी आधी यादी वाचली, काहीही न लपवता. डॉक्टर, पत्रा, ट्रंक, सगळं. मृणाल म्हणाली, "सो इट्स अ नो." मग मी अंगणातलं सांगितलं. 

"समीरदादा," ती म्हणाली, "आत्ता आईजवळ कोण आहे?"

वळणावरून काकांचं अंगण दिसतं. मारिया कॉफी पसरत होती. शाळेत निघालेल्या त्या दोन मुली एकमेकींच्या वेण्या घालत बसल्या होत्या. योसेफ होता, त्याची म्हातारी आई होती, काका होते.

"सहा जण आहेत," मी म्हणालो.

"मग राहू देत बाबांना तिथे," मृणाल म्हणाली.