संदर्भ उपकरण क्रमांक एकशे सात

प्रादेशिक पोलाद कारखान्याच्या प्रवेशद्वाराशी एक दगडी फलक आहे. त्यावर कारखान्याचा एकसष्ट वर्षांचा इतिहास कोरलेला असून तो सात ओळींत आटोपतो. पहिल्या ओळीत स्थापना आहे. दुसऱ्या ओळीत पहिलं आधुनिकीकरण आहे; त्या वेळी धुराड्याला तांबडे-पांढरे पट्टे मारण्यात आले. तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या आधुनिकीकरणात सगळ्या पाट्यांवरचा 'कामगार' हा शब्द खोडून 'सहकारी' असा घालण्यात आला आणि उपाहारगृहातल्या चहाचा कप लहान करण्यात आला. उरलेल्या चार ओळींत उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची पदं आहेत. या सगळ्या काळात पोलाद कसं तयार होत होतं, ते लिहायचं राहून गेलं.

ते वस्तादांच्या डोळ्यावर तयार होत होतं. वस्ताद म्हणजे दोन नंबरच्या भट्टीचे मुख्य भट्टीवाले. लहानपणी डावा डोळा लाकडाची ढलपी उडून अधू झालेला, त्यामुळे जे काय बघायचं ते उजव्याने. ते भट्टीच्या खिडकीसमोर उभे राहायचे, निळी काच डोळ्याला लावायचे, आत उकळणाऱ्या रसाचा रंग बघायचे आणि म्हणायचे, "अजून चार मिनिटं." चार मिनिटांनी रस बाहेर काढला की तो हवा तसा निघायचा. अठ्ठावीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्याचं कुणालाही काही वाटत नव्हतं. वस्तादांना तर मुळीच नाही.

मग तिसरं आधुनिकीकरण आलं. दूरच्या देशातून तापमान मोजणारं यंत्र आलं, काचेची वातानुकूलित खोली आली, तिच्यात भिंतभर पडदा आला आणि हे सगळं सांभाळायला आधुनिकीकरण अधिकारी आले. हे साहेब स्वभावाने चांगले होते. कुठलीही गोष्ट कागदावर उतरली की त्यांना शांत झोप लागायची, एवढाच काय तो दोष. यंत्र बसवलं, चालू केलं, पडद्यावर आकडा उमटला. तेव्हा साहेबांनी माहितीपुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, 'प्रथम वापरापूर्वी यंत्र एखाद्या खात्रीच्या साधनाशी ताडून पाहावे.'

कारखान्यात खात्रीचं साधन एकच होतं. ते त्या वेळी बाकावर बसून चहा पीत होतं.

"वस्ताद, बघा हो जरा," साहेब म्हणाले. वस्तादांनी काच लावली, बघितलं आणि सोळाशेच्या आसपास असेल म्हणून सांगितलं. पडद्यावर सोळाशे पन्नास होते. तंत्रज्ञाने स्क्रू पिळत पिळत आकडा सोळाशेवर आणला. दुसऱ्या दिवशी उद्घाटनाच्या भाषणात साहेब म्हणाले, "आजपासून या कारखान्यातलं अंदाजाचं युग संपलं." टाळ्या वाजवणाऱ्यांत वस्ताद पुढच्या रांगेत होते.

दोन वर्षं सुखात गेली. नंतर गुणवत्तेचं प्रमाणपत्र द्यायला बाहेरचे तपासनीस आले. त्यांनी सगळं बघितलं आणि विचारलं, "हे यंत्र तुम्ही कशाशी ताडून बघता?"

"वस्तादांशी," साहेब सरळपणे बोलून गेले.

"हे वस्ताद उपकरणांच्या नोंदवहीत कुठे आहेत?"

साहेबांची पाचावर धारण बसली. प्रमाणपत्र गेलं तर कारखाना बसणार होता. त्यांनी जागच्या जागी नोंदवही उघडली. एकशे सहावर फाटकाशेजारचा वजनकाटा होता, एकशे आठवर दवाखान्यातला तापमापक. मधली ओळ कशी कोण जाणे रिकामी राहिली होती. त्यांनी तिथे लिहिलं, 'वस्ताद. प्रकार: संदर्भ उपकरण. ठिकाण: भट्टी क्रमांक दोन. क्षमता: चौदाशे ते सतराशे अंश. अचूकता: चार मिनिटे.' तपासनीसांचं समाधान झालं. त्यांनी जाताना एवढंच सुचवलं, की उपकरणाची सहामाही तपासणी व्हावी.

तशी ती होऊ लागली. दर सहा महिन्यांनी यंत्र वस्तादांशी ताडून जुळवायचे आणि मग जुळवलेल्या यंत्राशी वस्तादांना ताडून बघायचे. दोघांचं दर वेळी तंतोतंत एकमत व्हायचं. तसं प्रमाणपत्र निघायचं आणि त्याची पत्र्याची चकती वस्तादांच्या हेल्मेटवर ठोकली जायची. वस्तादांना त्याची गंमत वाटायची. बायकोला वाटत नव्हती.

"ती चकती दारातच काढून ठेवत जा," ती म्हणायची. "समोरच्या वहिनींनी विचारलं, तुमच्या ह्यांना कारखान्यात विकायला काढलंय का म्हणून."

पुढे वस्ताद एकदा शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावताना सापडले, एकदा भिंतीवरच्या टोपीशी पाच मिनिटं बोलले. बायकोने त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू आहे. चार वर्षांपासून वाढतोय. आता तीन महिन्यांच्या आत काढला नाही तर पुढे मी हात लावणार नाही."

"एकच डोळा आहे हो त्यांना," बायको घाबरून म्हणाली. वस्तादही घाबरले. उकळत्या लोखंडासमोर चौतीस वर्षांत ते कधी घाबरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते रजेचा अर्ज घेऊन साहेबांसमोर उभे राहिले.

"मोतीबिंदू?" साहेबांनी दार लावून घेतलं. "म्हणजे तुम्हाला नीट दिसत नाही?"

"नाही ना. सगळं धुरकट दिसतं. रस पण काळवंडल्यासारखा दिसतो. म्हणून हल्ली चारच्या जागी दहा-बारा मिनिटं सांगतो मी."

"आणि यंत्र तर तुमच्याशी जुळवलेलं आहे."

"दर सहा महिन्यांनी."

म्हणजे जसजसा वस्तादांचा मोतीबिंदू पिकत होता, तसतसा यंत्रालाही तो होत गेला होता. भट्टीच्या आतल्या विटा दुप्पट वेगाने का झिजतायत, याचं उत्तर साहेबांना त्या क्षणी मिळालं. पण मागच्या वार्षिक अहवालात त्या झिजेची नोंद 'विटांचे आधुनिकीकरण' अशी होऊन गेली होती.

"हे कुठे लेखी देऊ नका," ते हलकेच म्हणाले.

"अर्जात लिहिलंय की."

अर्ज आस्थापना विभागात गेला आणि तिथून परत आला. 'रजा सहकाऱ्यांना देय असते. संबंधित नाव उपकरणांच्या नोंदवहीत आढळते. उपकरणास रजा देय नाही, दुरुस्ती देय आहे,' असा शेरा होता. मग दुरुस्तीसाठी समिती नेमण्यात आली. समितीने वस्तादांना बोलावलं आणि टेबलाच्या टोकाला बसवलं, जिथे एरवी बिघडलेले पंखे ठेवत.

"तुम्ही आमची अडचण समजून घ्या," साहेब कळवळून म्हणाले. "तुमचा डोळा दुरुस्त झाला, तर तुम्हाला वेगळं दिसेल. वेगळं दिसलं, की यंत्र चूक ठरेल. यंत्र चूक ठरलं, की चार वर्षांचं पोलाद चूक ठरेल. म्हणजे दुरुस्त झालात की तुम्ही चुकलात."

"आणि आंधळा झालो तर?"

समितीने एक कागद पुढे सरकवला. या शक्यतेवर कुणीतरी टिपण आधीच तयार केलेलं होतं. त्यात म्हटलं होतं, की उपकरण पूर्ण आंधळं झाल्यास त्याच्या आकड्यात यापुढे फरक पडणार नाही, आणि स्थैर्याच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे.

वस्ताद शांत माणूस. पण त्या दिवशी त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "अहो, मला नातवंडं आहेत! त्यांची तोंडं बघायचीत मला! ती काय सोळाशे अंशाला बघू?"

साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी रात्रभर नाही, पण दुपारभर नियम चाळले आणि एक वाट काढली. दुरुस्तीला परवानगी देता येत होती. फक्त तिला मूळ उत्पादकाची लेखी संमती लागत होती.

मूळ उत्पादक वस्तादांच्याच घरी, आतल्या खोलीत, खिडकीपाशी बसून लोकर विणत होती. ती ब्याऐंशी वर्षांची होती आणि तिला सुई दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होती. कारखान्याचं नोंदणीकृत पत्र आलं तेव्हा सुनेने ते फोडून मोठ्याने वाचलं.

"'आपण उत्पादित केलेले उपकरण आमच्याकडे चौतीस वर्षे वापरात आहे.'" ती थांबली. "आई, हे तुमच्याबद्दल आहे."

"वाच पुढं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा चौकशी करतायत."

पत्रासोबत चार पानांची प्रश्नावली होती. म्हातारीने चष्मा न लावता ती स्वतःच्या हाताने भरली. 'उत्पादन अद्याप चालू आहे काय?' याच्यापुढे तिने लिहिलं, 'मालक वारल्यापासून बंद.' 'हमीचा कालावधी?' 'लग्न होईपर्यंत होती. पुढचं सुनेला विचारावं.' 'सुटे भाग उपलब्ध आहेत काय?' 'एक थोरला भाऊ आहे, पण तो भाग देणार नाही.' 'उत्पादनातील ज्ञात दोष?' इथे तिला जागा अपुरी पडली आणि तिने मागच्या बाजूला लिहायला पान उलटलं.

मागे बारीक अक्षरात अटी छापल्या होत्या. म्हातारी त्या वाचत गेली आणि नवव्या अटीवर तिचं बोट थांबलं. 'उत्पादकाने सदोष माल परत मागविल्यास वापरकर्त्याने तो सात दिवसांचे आत, कोणतीही सबब न सांगता, परत करावा.'

"अगं, इकडे ये," ती सुनेला म्हणाली. "पेन दे ते, जाड उठतं ते."

तिने लिहिलं, 'माझा माल सदोष आहे. डोळा गेल्याचं सांगायला त्याने चार वर्षं लावली, हा मूळचा दोष. मी तो परत मागवते आहे. ताबडतोब पाठवा.' खाली सही केली आणि अंगठाही उठवला, न जाणो एखाद्याला सही चालली नाही तर.

कारखान्यात या पत्राने साहेबांचा चेहरा उजळला. आता निर्णय त्यांना घ्यायचाच नव्हता. नियमच घेत होता. त्यांनी सातव्या नाही, तिसऱ्याच दिवशी वस्तादांचा गेटपास केला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पास हातात घेऊन विचारलं, "माल परत येणार, की न येणार?"

"न येणार," बायको म्हणाली.

"वेष्टन?"

"मी आणलंय," असं म्हणून तिने सासूने विणलेली शाल वस्तादांच्या खांद्यावर टाकली.

ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. पट्टी सुटली तेव्हा वस्तादांना पहिल्यांदा बायको दिसली.

"तुझे केस कधी गं पांढरे झाले?"

"तुमच्या सहामाही तपासण्या चालल्या होत्या तेव्हा," ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

हेल्मेट परत करायचं होतं म्हणून पंधरा दिवसांनी वस्ताद काळा चष्मा लावून कारखान्यात गेले. सगळं कसं लखलखीत दिसत होतं. सवयीने पाय दोन नंबरच्या भट्टीकडे वळले. खिडकीसमोर त्यांनी काळा चष्मा काढून डोळ्याला निळी काच लावली आणि ते ओरडलेच, "अरे, काढा! काढा लवकर! करपतंय ते! विटा खाईल सगळ्या!"

काचेच्या खोलीतून साहेब धावत आले. त्यांनी पडद्याकडे बघितलं. पडदा म्हणत होता, अजून अकरा मिनिटं.

"वस्ताद, रागावू नका," ते अदबीने म्हणाले. "तुमचं नाव नोंदवहीतून कमी झालंय. आता तुम्ही जे सांगता, ते मत झालं."

वस्तादांना हसू आवरेना. हेल्मेट साहेबांच्या हातात देऊन ते घरी गेले. धाकटी नात दारातच उभी होती. तिच्या हनुवटीवर तीळ आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यानंतर त्यांनी कारखान्याचं नाव काढलं नाही.

पण इकडे एकशे सात नंबरची ओळ रिकामी झाली होती आणि तपासनीस पुन्हा येऊन ठेपले होते. त्यांनी तोच प्रश्न विचारला. या खेपेला साहेब तयार होते.

"आमच्या पोलादाच्या सळया, खिडक्या, खुर्च्या, पूल घरोघर आणि गावोगाव गेलेत," ते म्हणाले. "चार वर्षांत एकही तक्रार नाही. म्हणजे यंत्र बरोबर आहे. याहून खात्रीचं साधन कोणतं?"

तपासनीस प्रसन्न झाले. नोंदवहीत नवी नोंद झाली, ती आजही तशीच आहे: 'एकशे सात. ग्राहक. नग: सर्व. ठिकाण: आपापल्या घरी. स्थिती: उत्तम. तपासणीची गरज नाही.'

तेव्हा वाचकहो, आपली नोंद झालेली आहे आणि आपण अचूक आहात. खात्री करून घ्यायला मात्र कारखान्यात जाऊ नका. तिथे गेलात आणि एखादा प्रश्न विचारलात, तर उपकरण बिघडलं असं धरतील आणि दुरुस्तीची संमती मागायला आपल्या आईला पत्र जाईल.