बेर्सी कवटीफोड्याच्या दाढीचा खून

"ओडिनदेवाने एक डोळा देऊन अक्कल मिळवली. मी दोन्ही डोळे शाबूत ठेवून मिळवली," असं स्टिर्कार स्वतःबद्दल सांगे. ऐकायला बहुधा त्याचा मेव्हणा ग्लूम असे, कारण बाकीच्यांना कामं असत.

शनिवारी, म्हणजे आंघोळीच्या वारी, बेर्सी कवटीफोड्या नाहीसा झाला. आइसलंडचं ते अख्खं खोरं त्याच्या कुऱ्हाडीला टरकून असे. गरम पाण्याच्या झऱ्याकाठी फक्त त्याच्या दाढीचे झुपके सापडले. स्टिर्कारने ते हुंगले आणि बेर्सीला लांडग्याने नेल्याचं जाहीर केलं.

"दाजी, आपल्याकडे लांडगे नाहीत."

"म्हणूनच तर त्याच्यावर कुणाला संशय आला नाही."

मग त्याला आठवलं, की शेजारच्या ह्रूटचं बेर्सीशी कुरणावरून नुकतंच वाजलं होतं. ह्रूटच्या अंगावर साधा ओरखडाही नाही, हे ग्लूमने दाखवून दिलं. "हाच पुरावा," स्टिर्कार म्हणाला. "निरपराध माणूस कुठे ना कुठे खरचटलेला असतोच."

दुसऱ्या दिवशी सभा भरली. ह्रूटला हद्दपार करायचं जवळजवळ ठरलंच. त्याची बायको पोटुशी होती, आणि तो नुसता जमिनीकडे बघत बसला होता. ग्लूमला राहवेना. बेर्सीची बायको यॉरुन नुकतीच येऊन मागे उभी होती, तिला त्याने गाठलं.

"वहिनी, तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

"धन्यांनी शपथ घातली होती," ती म्हणाली, "पण शेजाऱ्याचा संसार मोडत असेल तर शपथ गेली चुलीत. गवताच्या कोठारात तोंड लपवून बसलेत. दाढी सोनेरी करायला राखेचा कडक साबण थापला, आणि तसेच घोरत पडले. दाढी आली हातात."

चौघांनी बेर्सीला धरून आणलं. नाकापर्यंत शाल गुंडाळलेली.

"बिनदाढीचा जगण्यापेक्षा मला मेलेलाच राहू द्या," तो कळवळून म्हणाला.

"मयताचीही हीच इच्छा आहे," स्टिर्कारने सभेला कळवलं.

यॉरुनने शाल ओढली. ह्रूट उठला, बेर्सीच्या अगदी जवळ गेला आणि निरखून बघत राहिला.

"अरे, तुझ्या हनुवटीला खळी आहे की."

कवटीफोड्या लाजून लाल झाला. "आईवर गेलीय," तो पुटपुटला. ह्रूटला हसू आवरेना, मग रडू आवरेना, आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. खळी बघायला बायकांची ही झुंबड उडाली. मागे उभे असलेले खोऱ्यातले यच्चयावत शूरवीर मात्र दाढीत बोटं खुपसून आपापली हनुवटी चाचपत होते.