तुळसाबाईंची वांगी

शहात्तर सालच्या डिसेंबरातल्या एका रविवारी आनंदरावांनी आपल्या आईला आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात जेवायला नेलं आणि पाऊण तासात त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला.

तुळसाबाई कुहीहून सकाळच्या एस्टीनं आल्या होत्या. सोबत गोणपाटाची थैली, तीत पहाटे वावरातून तोडलेली दहा किलो वांगी. आनंदराव आणि त्यांची बायको सत्यवती स्टँडवरूनच त्यांना सीताबर्डीवरच्या ताराचंदच्या भोजनालयात घेऊन गेले. रविवारी तिथं सकाळी दहालाच रांग लागे. दारावर पाटी होती, 'भाजी रोज ताजी, कळमेश्वरच्या मळ्यातली.'

"माय, थैली आत नको आणू. लोकं पाहून राहिले," आनंदराव पुटपुटले.

"पाहू दे. चोरीची हाये काय?"

पण कचेरीत टेबल-खुर्चीवर बसणाऱ्या आनंदरावांना ते पटेना. त्यांनी थैली उचलून मागच्या दाराशी नेऊन ठेवली आणि हात झटकत येऊन बसले.

त्या दिवशी नेमकी कळमेश्वरची गाडी आली नव्हती. आचारी लहानू दर दोन मिनिटांनी मागच्या दारातून डोकावत होता. थैली दिसताच त्याचा जीव भांड्यात पडला आणि निम्मी वांगी कढईत पडली.

ताटं आली. पहिल्याच घासाला तुळसाबाई थांबल्या.

"आनंदा, हे माह्या वावरातलं वांगं हाये."

"काहीतरीच, माय! बाहेरची पाटी वाचून दाखवली ना तुले?"

"पाटी कोण खाते? मी माहं वांगं वळखत नाई काय?"

तेवढ्यात आनंदरावांचे मोठे साहेब मनोहरराव सहकुटुंब आत शिरले. आनंदरावांनी मान जवळजवळ ताटातच घातली.

"माय, हळू बोल. साहेब आले."

"येऊ दे. तेही खातीन."

तुळसाबाईंनी मालकालाच हाक मारली. ताराचंद लगबगीनं आला. "अम्मा, आमचा माल खास कळमेश्वरचा. वीस वर्षं झाली!"

"मंग माही थैली कुठं हाये?"

सत्यवती उठून मागच्या दाराशी गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, थैली नाही!" सगळं हॉटेल वळून पाहू लागलं. तुळसाबाई तडक स्वयंपाकघरात शिरल्या आणि एका हातात अर्धी थैली, दुसऱ्या हातात लहानूचं मनगट धरून बाहेर आल्या.

"मालक, मले वाटलं गाडीवाला टाकून गेला," लहानू रडवेला झाला.

ताराचंदनं हात जोडले. "अम्मा, चूक झाली. काय करू सांगा."

"चाल माय, घरी जाऊ," आनंदराव खालच्या आवाजात म्हणाले.

"थांब गा. यानं फोडणी जाळली, तिखटाखाली वांगं मारून टाकलं. उरलेली वांगी याच्या हवाली करून जाऊ काय?" आणि ताराचंदकडे वळून त्यांनी फर्मावलं, "चूल दाखव मले."

पदर खोचून तुळसाबाई चुलीपुढे बसल्या. लहानू मीठ-मसाला हातात देत उभा राहिला. सत्यवती भाकरी थापू लागली. लसणाचा वास रस्त्यावर गेला आणि रांगही तिकडेच वाढत गेली. चार टेबलांवरून एकदमच आवाज आला, "नवीन भाजी आणा! ती मायच्या हातची!" वाढपी पुरेनात.

"आनंदा, बसून काय राहिला? वाढ!"

आईचा असा आवाज निघाला की आनंदराव लहानपणीही ऐकत, आताही त्यांनी ऐकलं. बादली घेऊन निघाले. वाढता वाढता शेवटच्या टेबलाशी पोचले आणि पाय जागीच थबकले.

मनोहरराव भाकरीनं ताट पुसत होते. लसणाच्या ठसक्यानं डोळ्यांत पाणी, नाक लाल. त्यांनी वर पाहिलं. "आनंदराव? तुम्ही इथं काय करून राहिले?"

आनंदरावांनी एकवार स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग साऱ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "वाढून राहिलो, साहेब. माझ्या मायनं केली. वांगी बी आमच्याच वावरातली हायेत!"

"मग पळी हातात धरून उभे काय?" साहेबांनी ताट पुढं सरकवलं. "वाढा ना!"