आन्सेल्मो या नावाची व ते धारण करणारांची हकीकत

श्री. ज्या देवाने आधी जीव घडविला आणि मग हाक मारावयास त्यास नाव दिले, त्याचे पायी मस्तक ठेवून लिहितो. शके सोळाशे तेरा, प्रजापतिनाम संवत्सरे, पश्चिम समुद्राचे काठी एक राज्य होते, आणि त्या राज्यात आन्सेल्मो नावाचे पुरुष कोण कोण जाहले आणि त्या नावापायी काय चुकले, ते जैसे पाहिले, ऐकिले, तैसे येथे मांडितो.

इटली म्हणोन फिरंग्यांचा एक मुलूख, त्यात जिनोवा बंदर, तेथून एक गृहस्थ गलबतावर बसोन या राज्यात आला. वय पन्नाशीचे, दाढी तांबूस, दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. तोफा ओतण्यात त्याचे तोडीचा दुसरा कोणी नव्हता. महाराजांनी त्यास ओतशाळेचा मुख्य नेमिले, शेला दिला आणि जवळ बसवून विचारिले, "आन्सेल्मो म्हणजे काय हो? देवाचे नाव की गावाचे?" तो म्हणाला, "महाराज, आज्याचे. माझा आजा घंटा ओतीत असे, तो आन्सेल्मो. मी निघालो तेव्हा नातू महिन्याचा होता, तोही आन्सेल्मो. आमच्या गल्लीत या नावाने हाक मारली तर चार खिडक्या उघडतात." महाराज हसले आणि म्हणाले, "आमच्याकडेही आजा नातवाच्या नावात परत येतो. मग तुम्ही फिरंगी कसले, आमचेच सोयरे." पुढे आन्सेल्मोने तोफा ओतिल्या आणि प्रत्येकीचे तोंडापाशी आपले नाव दोन्ही लिप्यांत कोरिले, आणि त्या तोफा ऐशा चालिल्या की शत्रूचे गोलंदाज ती अक्षरे पाहोन मागे सरू लागले. शत्रूचे हेर बाजारात येत ते एवढेच विचारीत, की आन्सेल्मो आहे काय? आहे म्हटले की त्या वर्षी स्वारी येत नसे.

ऐसी पाच वर्षे गेली आणि आन्सेल्मोस ताप आला. त्याचे हाताखाली सटवाजी ओतारी म्हणोन हुशार मनुष्य होता, त्यास जवळ बोलावून तो म्हणाला, "सटवाजी, मी आता उठत नाही. घरी कळव. आणि माझ्या दगडावर माझं नाव घाल." सटवाजीने त्याचा हात धरोन वचन दिले, आणि दुसरे दिवशी आन्सेल्मो गेला. तेच समयी शत्रू सरहद्दीवर आला होता. महाराजांनी विचार केला, की हा मेला ऐसे फुटले तर राज्य जाईल, आणि आज्ञा केली, की आन्सेल्मो मेला नाही. मेला ऐसे जो बोलेल त्याची जीभ छाटावी. आजपासोन ओतशाळेचा जो मुख्य, तोच आन्सेल्मो. मग त्यास ओतशाळेमागे चिंचेखाली गुपचूप पुरिले, वर बिनअक्षरांचा दगड ठेविला, आणि तोच शेला सटवाजीचे खांद्यावर घालोन त्यास आन्सेल्मोजी म्हणो लागले. शत्रू आला तैसा परत गेला.

सटवाजीची बायको ठकूबाई तोंडाची फटकळ होती. ती म्हणाली, "मग आता हळदीकुंकवाला मी नाव कुणाचं घ्यायचं? त्या तांबड्या दाढीवाल्याचं?" सटवाजी म्हणाला, "घे की. शेला कुणाच्या नवऱ्याला मिळाला?" ठकूबाई म्हणाली, "शेला पुष्कळ आहे हो. पण शेजारणी विचारतात, फिरंग्याशी पाट कधी लावलास?" सटवाजी हसला. प्रथम त्यास ते नाव अंगावर टोचत असे, मग सवय जाहली, आणि मग गोड लागले. दरबारात पुढली बैसक, मुजरे, पोराबाळांस मान, सर्व त्या नावाने आले. घरी कळविण्याचे वचन दिले होते, ते आज करू, उद्या करू म्हणता राहिले. पुढे महाराज कैलासवासी जाहले आणि चिरंजीव गादीवर बसले. शत्रूचे राज्यही बुडाले. तोफा बुरुजांवर नुसत्या उन्हात पडोन राहिल्या. तरी ती आज्ञा कोणी फिरविली नाही, आणि चालते की नाही हेही कोणी विचारिले नाही.

शके सोळाशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सरे, बंदरात एक फिरंगी उतरला. वय तिशीचे, दाढी तांबूस; गोव्यास दोन वर्षे राहोन आपली बोली मोडकीतोडकी शिकला होता. बंदराचे हवालदार केरोजी यांनी विचारिले, "नाव?" तो म्हणाला, "आन्सेल्मो." केरोजी म्हणाले, "ते नाव दरबारचे आहे. तुझे सांग." तो म्हणाला, "हेच माझे. माझ्या आज्याचे होते." केरोजी म्हणाले, "शहाणाच दिसतोस. उद्या कोणी येऊन आपणास महाराज म्हणवील, तेही लिहू काय?" आणि वहीत लिहिले, 'एक फिरंगी, तांबूस दाढीचा', आणि प्यादा बरोबर देऊन त्यास ओतशाळेत पाठविले.

सटवाजी तेव्हा म्हातारा जाहला होता, ओट्यावर शेला पांघरोन बसला होता. पाहुण्याकडे दृष्टी जाताच त्याने ओळखिले, कारण तेच कपाळ आणि तीच दाढी. पाहुणा वाकोन म्हणाला, "बाबा, तुम्ही या ओतशाळेचे मुख्य?"

"होय."

"माझा आजा इथं तोफा करायचा. त्याचं काय झालं?"

सटवाजी खांद्यावरचा शेला सावरू लागला. पाहुणा म्हणाला, "घरी आजी आहे. ऐंशी वर्षांची. आमच्याकडे नवरा मेला की बायको काळं नेसते. आजी म्हणाली, काळं नेसू की नको, एवढं विचारून ये. दुसरं मला काही नको. तुमची नोकरी नको, धन नको."

चिंचेखालचा दगड तेथून वीस पावलांवर होता. सटवाजीचे मनात आले, की यास तो दगड दाखविला तर लोक म्हणतील, आन्सेल्मो मेला तो हा, आणि जिवंत तो हा पाहुणा; मग आपण कोण? आणि तो म्हणाला, "तो इथं राहिला नाही. उत्तरेस गेला."

"जिवंत आहे?"

"असेल."

पाहुण्याचे तोंड उजळले. ओतशाळेचे दारी जुनी तोफ होती, तिजवरील अक्षरांवर त्याने हात फिरविला, सटवाजीचे पाय शिवले आणि उत्तरेचा रस्ता विचारोन चालता जाहला.

घरी ठकूबाईने हे ऐकिले आणि हातातील सूप खाली ठेविले. "ज्यानं तुम्हांला साचा धरायला शिकवलं, त्याच्या नातवाला खोटं सांगितलंत?"

"महाराजांची आज्ञा आहे."

"कुठल्या महाराजांची? त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. आज्ञेचं नाव कशाला घेता? शेला जाईल याचं भय आहे तुम्हांला."

तीन दिवस सटवाजी ओतशाळेत गेला नाही, अन्नही गोड लागेना. चौथे दिवशी दरबारी जाऊन शेला महाराजांचे पायापाशी ठेविला आणि आरंभापासोन सर्व सांगितले आणि म्हणाला, "आज्ञा मोडिली, जीभ छाटावी." महाराज चकित होवोन म्हणाले, "ही आज्ञा अजून चालते? आम्हांस तर ठाऊकच नव्हते. आम्ही तुम्हांसच जन्माचे आन्सेल्मो समजत होतो. अहो, एकदा विचारावयाचे होते, त्याच दिवशी रद्द केली असती." मग महाराजांनी पाहुण्यास परत आणावयास स्वार दौडविले. नदीचे उतारावर नावाडी म्हणाला, "तांबड्या दाढीचा ना? परवाच पलीकडे सोडला. आजा भेटणार म्हणून खुशीत होता, गाणं म्हणत होता." पलीकडे तीन रस्ते फुटत. स्वार महिनाभर हिंडोन परत आले. त्याचे पुढे काय जाहले, ते आजवर कळले नाही.

मग सटवाजी म्हणाला, निदान त्या बाईस कळवू. गोव्याचे पाद्र्याकडोन त्यांचे भाषेत पत्र लिहविले, की आन्सेल्मो अमुक साली तापाने वारला, काळे वस्त्र नेसावे, आणि अपराध माझा आहे. पाद्री म्हणाला, "आडनाव काय घालू?" तेव्हा ध्यानी आले, की त्याचे आडनाव राज्यात कोणास ठाऊक नाही. सटवाजी केरोजीकडे धावला. केरोजी म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं खरं, लांबलचक काहीतरी. पण पहिलंच नाव लिहायचं नव्हतं, तर दुसरं कुठं लिहू?" अखेर, 'जिनोवा बंदर, घंटा ओतणारा आन्सेल्मो याचे घरी', ऐसा पत्ता घालोन पत्र रवाना केले.

दोन वर्षांनी उत्तर आले. लिहिणारा दुसराच होता. पाद्र्याने वाचून दाखविले, ते ऐसे: 'मी आन्सेल्मो, दोर वळितो. तुमचे पत्र या नावाचे सहा जणांकडे फिरोन मजकडे आले. घंटा ओतणाराचे घर कोणास आठवत नाही. आडनाव कळवाल तर शोध करीन. तोवर तुमचे मनुष्यासाठी देवळात दिवा लाविला आहे. वाट पाहणारी आजी कोणती, हे कैसे ओळखावे? हे बंदर आहे, येथे तैशा म्हाताऱ्या घरोघरी आहेत.'

सटवाजीने ते पत्र पाद्र्याकडोन तीन वेळा वाचून घेतले. नंतर छिन्नी घेऊन चिंचेखाली गेला आणि दगडावर ते नाव कोरिले, जैसे तोफेवर होते तैसेच, दोन्ही लिप्यांत. नावाखाली आडनावापुरती जागा घासोन गुळगुळीत करोन सोडिली. पुढे तीन वर्षांनी तोही वारला.

एवंच, या राज्यात त्या नावाचे तीन पुरुष जाहले. राज्याने नाव मरो दिले नाही, तोफांवर ते आजही वाचिता येते. परंतु ज्याचे होते त्याचे घर राखिले नाही. दगडावरील जागा कोरी आहे.