तोंडाला तोंड, पाठीला पाठ

सुकलाल अण्णांनी माझी स्कूटर आयुष्यात एकदाही चालवली नाही. पण मी ती जिथे लावली तिथे ती मला परत कधी सापडलीही नाही.

सुरतेजवळच्या भेस्तानात आमच्या सोसायटीत सगळ्यांचंच हे असं. संध्याकाळी कामावरून यावं, गाडी आपल्या दारात लावावी, चहाचा कप घेऊन खिडकीशी उभं राहावं, तर दारात दुसऱ्याच कुणाची मोपेड. आपली स्कूटर पार पलीकडच्या ओळीत, एका अनोळखी फटफटीच्या तोंडाला तोंड लावून उभी. आणि मधल्या मोकळ्या वाटेत खाकी शर्ट, ढगळ पायजमा आणि हातात तेलाची बुधली घेतलेले अण्णा, एक डोळा मिटून ओळ सरळ आली की नाही ते बघत असायचे.

"आते जमनं," ते स्वतःशीच म्हणत आणि पुढच्या गाडीकडे वळत.

अण्णा खानदेशातले. पन्नाशी उलटलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. सुरतेत एका लूमच्या खात्यात ते मास्तर होते. खातं म्हणजे मागांची शेड, आणि मास्तर म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस. अर्धं आयुष्य त्यांनी मागांच्या ओळींमधून फिरण्यात घालवलेलं. दोन माग समोरासमोर, मधे कारागिराला फिरायला वाट, मग पाठीला पाठ लावून पुढची जोडी. जगात कुठलीही वस्तू मांडायची तर ती अशीच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांच्या खोलीबाहेर चपलासुद्धा समोरासमोर बसलेल्या असत, आणि मधे मुंगीला जाण्यापुरती वाट.

मागांसाठी ही मांडणी उत्तमच आहे. फक्त माग सकाळी उठून कामाला जात नाहीत. आमच्या गाड्यांना जावं लागे. आतल्या जोडीतली एक स्कूटर काढायची म्हणजे तिची समोरची, समोरचीच्या पाठीमागची आणि त्या पाठीमागचीला टेकलेली उसाच्या रसाची हातगाडी, एवढ्या सगळ्यांचे मालक गोळा करावे लागत. दात घासता घासता, टॉवेलवर, लोक एकमेकांच्या गाड्या सरकवत. अण्णा तोवर पहिल्या पाळीला निघून गेलेले असत.

काही शहाण्यांनी हँडल लॉक करायला सुरुवात केली. अण्णांना ते मुळीच पटलं नाही. "हँडल लॉक करेल गाडी म्हणजे रुसेल जवाई," ते म्हणत. "मान वाकडी करीसन बठस." मग रुसलेल्या जावयाला उचलावं तसं ते पुढचं चाक उचलत आणि गाडी नाचवत नाचवत ओळीत आणून ठेवत. आणि जाता जाता चेनला, स्टँडला, जिथे म्हणून कुरकुर ऐकू येईल तिथे, मागाचं तेल सोडत. भेस्तानात आमच्या गाड्यांइतक्या मुक्या गाड्या कुणाच्या नव्हत्या. आमच्या विजारींवर तेलाचे डाग होते ते वेगळं.

मी त्या सोसायटीचा मंत्री होतो. गुजरातेत सोसायटीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात. परभणीकडच्या आमच्या नातेवाइकांना पत्रातून हे कळलं तेव्हा माझ्याकडे नोकरीसाठी दोन अर्जही आले. प्रत्यक्षात मंत्र्याचं काम म्हणजे पाण्याची मोटर वेळेवर चालू करणं आणि सुकलाल अण्णांविषयीच्या तक्रारी ऐकणं. अण्णा भाडेकरू. खोलीचा मालक कतारगामला राहायचा आणि कमिटी म्हणेल ते ऐकायचा. त्यामुळे प्रत्येक तक्रारीचा शेवट एकाच वाक्यात होई: "मंत्रीजी, आने खाली करावो." याची खोली खाली करून घ्या. मी आज करतो, उद्या करतो म्हणत दिवस ढकलत होतो, कारण त्या वयात अण्णांना दुसरी खोली कोण देणार होतं?

सगळ्यांत मोठा आवाज हसमुखभाईंचा. हसमुखभाई जरीचा धंदा करणारे, अण्णांच्या अगदी शेजारचे, आणि नावात तेवढं हसू असलेले. त्यांनी नुकतीच नवी कोरी लाल स्कूटर घेतली होती. तिच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, आणि ती आपल्या ओट्यासमोरच उभी राहिली पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. अण्णांच्या हिशेबात ओट्यासमोर वाट होती. त्यामुळे लाल स्कूटर दिवसातून दोनदा ओट्यासमोर येई आणि दोनदा ओळीत जाई.

त्याच सुमारास आमच्या नगरसेवकांनी सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर लोकदरबार भरवला. सतरंज्या घातल्या, माइक लावला. प्रश्न ठरलेले: चोऱ्या, पार्किंग आणि दवाखाना. त्या दिवसांत भेस्तानात चोरांनी उच्छाद मांडला होता. गाड्यांतलं पेट्रोल जाई, रस्त्यावरचे दिवे जात, एका घरचा तर पाण्याचा नळच कुणी पाणी चालू असताना काढून नेला होता. नगरसेवकांनी "पहिला प्रश्न, चोरी" असं म्हणायचा अवकाश, अण्णा उठून उभे.

"गाडी वाकडी दिखनी का चोरले समजस, आठे कोनी देखत नही."

नगरसेवकांना खानदेशी कळत नव्हती. मी भाषांतर केलं: गाड्या वाकड्या असल्या की चोराला कळतं, इथे कुणाचं लक्ष नाही. नगरसेवक म्हणाले, बरं, पार्किंगचा मुद्दा नंतर घेऊ. दुसरा प्रश्न दवाखान्याचा निघाला. अण्णा पुन्हा उभे.

"पन दवाखानानी गाडी कथाइन ई?"

दवाखान्याची गाडी कुठून येणार, असं त्यांचं म्हणणं. नगरसेवकांनी कपाळ पुसलं आणि पार्किंगचाच प्रश्न आधी घेतला. बसलेल्या लोकांना वाटलं, आता हा माणूस तासभर बोलणार. अण्णा उभे राहिले, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "ते मी करी ऱ्हायनू." आणि खाली बसले. ते काम ते करतच होते, त्यात बोलण्यासारखं काय होतं?

लोकदरबारानंतर आठवडाही झाला नसेल. एका रविवारी भरदुपारी हसमुखभाई गंजिफ्रॉकवर माझ्या दारात आले. "मंत्रीजी, मारी गाडी गई."

मी म्हटलं, अण्णांनी हलवली असेल. ते म्हणाले, सगळ्या ओळी बघितल्या, नाही. अण्णा घरी नव्हते. चोऱ्यांचे दिवस, गाडी नवी, बायकोने रडायला सुरुवात केलेली. हसमुखभाईंनी चौकी गाठली आणि जमादाराला घेऊन आले. जमादारांनी आपली मोटरसायकल सोसायटीच्या तोंडाशी लावली आणि काठी घेऊन तपास सुरू केला. हसमुखभाईंचा ओटा बघितला. माझा ओटा बघितला. ज्याच्या घरून भज्यांचा वास येत होता त्याचा ओटा जरा जास्त वेळ बघितला.

लाल स्कूटर शेवटी सापडली. प्लॉटच्या टोकाला, रसाच्या हातगाडीच्या मागे, तिच्यावर गोणपाट पांघरलेलं. नव्या रंगाला ऊन लागू नये म्हणून अण्णांनी सकाळीच ती तिथे नेऊन ठेवली होती. हसमुखभाई काही बोलणार इतक्यात जमादारांचा आवाज आला.

"मारी मोटरसायकल क्यां?" माझी मोटरसायकल कुठे?

तपास चालू असताना अण्णा परत आले होते. तोंडाशी आडवी लावलेली एक मोटरसायकल त्यांना दिसली. ती पोलिसाची आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी फरक पडला नसता. ती आता तिसऱ्या ओळीत एका लेडीज सायकलीच्या तोंडाला तोंड लावून उभी होती आणि अण्णा तिच्या स्टँडमध्ये तेल सोडत होते. वर त्यांनी जमादारांना सांगितलं की तुमची क्लचची वायर कधीही तुटेल.

जमादार गाडी काढून निघून गेले, पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आ भाईने अहींथी काढो. नहितर हुं चोरीमां लखी नाखीश." याला काढा, नाहीतर मी चोरीत नाव घालतो. आता आज-उद्या करायला जागाच उरली नाही. त्याच संध्याकाळी कमिटी बसली आणि एकमताने ठरलं: महिनाअखेर खोली खाली. निरोप द्यायला मंत्री जाईल, आणि मंत्री माघारी फिरू नये म्हणून सोबत हसमुखभाई.

श्रावण सुरू होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो तेव्हा अण्णा पाटावर बसले होते. समोर गव्हाची पाटी, बाजूला रिकामं सूप. मूठ भरून गहू ते सुपात टाकत, वर थोडेसे दाणे टाकत आणि पुटपुटत.

"लाल स्कूटर." मूठ. "निळी मोपेड." मूठ. "मंत्रीभाऊनी खटारी." मूठ.

माझी स्कूटर खटारी होती हे खरं आहे. तरी मी विचारलं, अण्णा, हे काय चाललंय?

ते म्हणाले, कानबाईचं. येत्या रविवारी कानबाई बसणार. खानदेशात घरोघरी ही देवी बसते, नारळाची, साडी नेसवून दागिने घातलेली. तिच्या नैवेद्याला रोट करतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू धरायचे, दळायचे आणि त्यांचे रोट. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे.

"मग गावी भाऊबंद नाहीत का?" मी विचारलं.

"शेत ना. भाऊ शे, पुतण्या शेत. गावले कानबाई बठस," ते म्हणाले. सगळे आहेत, गावाला कानबाईही बसते. "पन मनी मूठ कोनी धरत नही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दोन भाऊ, एक अंगण, दोन बैलगाड्या. भाऊ म्हणे माझी गाडी दारासमोर, हे म्हणत माझी. एवढंच. त्यावरून बोलणं तुटलं, मग चूल तुटली, मग अण्णा सुरतेला आले. त्या श्रावणात भावाने गहू धरले तेव्हा अण्णांच्या नावची मूठ काढलीच नाही.

"गाडी एक जागे उभी ऱ्हायनी का मानूस म्हनस, हाई मनी जागा शे," अण्णा सुपाकडे बघत म्हणाले. "म्हनीसन मी रोज हलावस."

मला एकदम आठवलं. शेजारच्या सोसायटीत गाडी लावण्यावरून डोकी फुटली होती, दोन घरं कोर्टात गेली होती. आमच्याकडे कुणी कुणाशी भांडायला मोकळाच नव्हता. आम्ही सगळे अण्णांवर चिडलेले.

"पण या आमच्या मुठी कशाला?" मी विचारलं.

अण्णा ओशाळले. सुरतेत पहिली काही वर्षं त्यांनी एकच मूठ धरली. "एक मूठनं पीठ गिरणीवाला बी दळी देत नही. माले हसस." मग एका वर्षी त्यांनी ज्यांच्या गाड्या आपण हलवतो त्यांच्या मुठी धरल्या. भाऊबंदांचंच काम आहे ते, असं मनाशी म्हणून.

हसमुखभाईंचं अर्धं आयुष्य खानदेशी कारागिरांबरोबर गेलेलं. त्यांना सगळं कळत होतं. त्यांनी हळूच विचारलं, "तो पछी ए रोट कोण खाय छे?" मग ते रोट खातं कोण?

अण्णांनी स्वतःकडे बोट दाखवलं. बाहेरच्याला देता येत नाही, आणि आम्हाला भाऊबंद म्हणायची त्यांची छाती झाली नव्हती. म्हणून दरवर्षी अख्ख्या सोसायटीचे रोट ते एकटे बसून, पुनवेच्या आत, संपवत होते.

मला हसू आलं आणि ते तोंडातच राहिलं. ज्या माणसाला आम्ही घालवायला आलो होतो तो वर्षानुवर्षं आमच्या नावाचं अन्न पोट दुखेस्तोवर खात होता. मला फार वाईट वाटलं. मी निरोपाची सुरुवात करण्यासाठी तोंड उघडलं, पण हसमुखभाईंनी माझा हात दाबला.

"रविवारे केटला वागे आववानुं?" त्यांनी अण्णांना विचारलं. किती वाजता यायचं?

अण्णांनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "कवाय बी या."

त्या रविवारी सगळी सोसायटी अण्णांच्या खोलीत मावली नाही. लोक ओट्यावर बसले, प्लॉटवर बसले. बायकांनी चूल सांभाळली, हसमुखभाईंच्या पत्नीने गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी केली, गुळाचा खडा घालून. हसमुखभाई मांडी घालून पहिल्या पंगतीला बसले आणि आपल्या मुठीचा रोट मागून घेऊन खाल्ला. कमिटीतल्या सगळ्यांनी खाल्ला. भाऊबंदाला खोलीतून कोण काढणार? जमादारांची समजूत हसमुखभाईंनीच जाऊन घातली.

सगळ्यांचं झाल्यावर आम्ही अण्णांना आग्रहाने पाटावर बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या ताटात एकच रोट आला, त्यांच्या स्वतःच्या मुठीचा. त्यांनी तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला, आणि किती तरी वेळ तो घास काही त्यांना खाववेना.